व्हायोला-पियानोचं रिसायटल, सगळं संगीत स्त्री संगीतकारांचं: काय घ्यावं आणि कशाशेजारी ठेवावं

तुम्ही लिहिलंय की तुम्ही व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवता, पियानो वाजवणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर तास-सव्वा तासाचं रिसायटल करायचं ठरवलंय, सगळं संगीत बाजूला पडलेल्या स्त्री संगीतकारांचं, यादी आत्ताच नऊ नावांवर गेलीये आणि आता दोन गोष्टींची धास्ती वाटतेय. एक, नावं ओळखीची नसतील तर लोक कंटाळतील का. दुसरी, संगीतापेक्षा 'विषय'च मोठा होऊन बसेल का. मीही व्हायोलाच वाजवते, असे कार्यक्रम बरेच केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते अडचण अनोळखी नावांची नाहीये. लोक अनोळखी संगीत मजेत ऐकतात. अडचण आहे ती नऊ नावांची. चार-पाच मिनिटांचा एक तुकडा, टाळ्या, मग दुसरीच बाई, दुसरा देश, दुसरं शतक, परत टाळ्या, असं नऊ वेळा झालं की कान कुठे टेकतच नाही आणि घरी जाताना एकही नाव डोक्यात राहत नाही, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातून जातं. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात ठाम सल्ला हा की नावं चारवर आणा, आणि त्यातल्या एकीला कार्यक्रमाचा जवळजवळ निम्मा वेळ द्या. दुर्लक्ष झालेल्या संगीतकाराला ओझरता उल्लेख नको असतो, तिचं एखादं मोठं काम पूर्ण, नीट तयारीने वाजलेलं हवं असतं.

आता हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे हेही खरं. हॉल केवढा, पियानो केवढा, तुमच्या मैत्रिणीचा हात किती तयार आहे, श्रोते नेहमी चेंबर म्युझिक (मोजक्या वाद्यांचं संगीत) ऐकणारे की पहिल्यांदाच येणारे. पण नावं कमी, वेळ जास्त, हे सूत्र मला यातल्या प्रत्येक परिस्थितीत उपयोगी पडलंय.

निम्मा वेळ कुणाला, यात मला फार विचार करावा लागत नाही. रेबेका क्लार्क, १८८६ ते १९७९. व्हायोलावाले म्हणतील यांचं कसलं दुर्लक्ष, यांचा सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना) तर आम्ही सगळे वाजवतो. ते आपल्या वर्तुळापुरतं खरं आहे, बाहेर विचारून बघा. आणि आपल्यातही बहुतेकांना तो एक सोनाटाच माहीत असतो. क्लार्कबाईंचं वैशिष्ट्य हे की त्या आतल्या माणूस होत्या. लंडनच्या रॉयल कॉलेजमध्ये त्यांचे गुरू स्टॅनफर्ड यांनी त्यांना व्हायोलिन सोडून व्हायोला घ्यायला लावलं, कारण ऑर्केस्ट्रात तिथे बसलं की आवाजाच्या अगदी मधोमध बसून सगळं कसं बांधलंय ते कळतं. पुढे त्या नावाजलेले व्हायोलावादक लायनेल टर्टिस यांच्याकडे शिकल्या, वडिलांनी घराबाहेर काढल्यावर व्हायोला वाजवूनच पोट भरलं, आणि १९१२ मध्ये कंडक्टर हेन्री वुड यांनी क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात ज्या पहिल्यावहिल्या बायका घेतल्या त्यात त्या होत्या. हे सगळं नोटेशनमध्ये दिसतं. कुठली तार कुठे बोलेल, कुठे बोटं अडकतील, कुठे आवाज पियानोखाली जाईल हे त्यांना डोक्याने नाही, हाताने माहीत होतं.

सोनाटा १९१९ चा. अमेरिकेत संगीताच्या आश्रयदात्या एलिझाबेथ स्प्रेग कूलिज यांनी व्हायोला आणि पियानोसाठी स्पर्धा लावली होती, नावं झाकलेली होती, परीक्षकांची मतं दोन रचनांवर अर्धी-अर्धी पडली, आणि कूलिजबाईंनी आपलं मत दिल्यावर संगीतकार अर्नेस्ट ब्लॉख यांचा स्वीट (अनेक तुकड्यांची रचना) पहिला आला. दुसरी रचना एका बाईची आहे हे कळल्यावर परीक्षक चकित झाले, आणि रेबेका क्लार्क हे खरं नावच नसेल, कुणीतरी टोपणनावाने पाठवलं असेल, अशीही चर्चा झाली. आज दोन्ही रचना व्हायोलाच्या मुख्य साहित्यात आहेत. सोनाटा साधारण बावीस ते पंचवीस मिनिटांचा आहे, म्हणजे तुमच्या कार्यक्रमाचा कणा तयार झाला.

त्याच्या जोडीला 'मॉर्फियस' घ्या, सहा-सात मिनिटांचं. १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये क्लार्कबाई आणि चेलिस्ट मे मकल यांचा कार्यक्रम होता, पत्रिकेवर स्वतःचंच नाव फार वेळा यायला लागलं म्हणून बाईंनी या रचनेवर 'अँथनी ट्रेंट' असं नाव घातलं. वर्तमानपत्रांनी त्या अस्तित्वातच नसलेल्या ट्रेंटसाहेबांची जास्त दखल घेतली. ही एवढी गोष्ट स्टेजवर अर्ध्या मिनिटात सांगता येते आणि त्यानंतर लोक ज्या लक्षाने ऐकतात ते कुठल्याही भाषणाने होत नाही. शिवाय रचना खरंच सुंदर आहे. म्यूट (आवाज दबवणारा छोटा तुकडा) लावलेला व्हायोला, हार्मोनिक्स (तारेला हलकेच स्पर्शून काढलेले शिट्टीसारखे सूर), पियानोत पाण्यासारखं पसरत जाणारं काहीतरी. नुसती गोष्टीसाठी घ्यायची रचना नव्हे ही.

आता बाकीची नावं. इथे एक भेद आधी करून घ्या, नाहीतर गडबड होते. काही रचना मुळात व्हायोलासाठीच लिहिलेल्या असतात, आणि काही व्हायोलिन किंवा चेलोवरून आपल्याकडे आणलेल्या असतात. दोन्ही चालतात, पण दोन्हींचं वागणं वेगळं. क्लारा शुमन यांचे तीन रोमान्स (छोट्या गाण्यासारख्या रचना), ओपस (म्हणजे कामाचा क्रमांक) २२, १८५३ चे, व्हायोलिनवादक योआखिमला अर्पण केलेले, बहुतेकांच्या यादीत पहिल्यांदा येतात, तुमच्याही आहेत. मूळ व्हायोलिनसाठी आहेत. व्हायोलावर आणताना बऱ्याच आवृत्त्यांमध्ये सूर कुठे ना कुठे एका ऑक्टेव्हने (सप्तकाने) खाली आणलेले असतात, आणि तिसऱ्या रोमान्समध्ये पियानो जिथे सतत वाहत असतो तिथे तुमचा आवाज बरोबर त्या प्रवाहात जाऊन पडतो. व्हायोलिन त्याच्या वर तरंगतं, आपण त्यात बुडतो. पियानिस्टने कितीही हळू आवाजात वाजवलं तरी हे पूर्ण जात नाही कारण प्रश्न आवाजाच्या जोराचा नाहीच, जागेचा आहे. म्हणून मी तिन्ही रोमान्स सहसा घेत नाही, घेतलाच तर पहिला एकटा घेते, तो व्हायोलावर छान गातो. आणि क्लाराबाई तशा आता अगदी विस्मृतीतल्या राहिल्यात असंही नाही, त्यामुळे त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला वाव देता आला तर बघा.

उदाहरणार्थ लुइझ आडोल्फा ल बो. जन्म १८५० चा, राष्टाटचा, काही काळ क्लारा शुमन यांच्याकडे पियानो शिकल्या, म्युनिकमध्ये राइनबर्गर यांच्याकडे संगीतरचना शिकल्या, आणि १९१० मध्ये एका स्त्री संगीतकाराच्या आठवणी म्हणून आत्मचरित्रही लिहिलं. त्यांचे 'तीन तुकडे', ओपस २६, थेट व्हायोला आणि पियानोसाठी आहेत: एक रात्रीचं संगीत, एक स्वप्नाळू, आणि शेवटी पोलोनेझ. एकोणिसाव्या शतकात व्हायोलासाठी मुळातच इतकं कमी लिहिलं गेलंय की तो काळ वाजवायचा म्हटलं की आपण सगळे त्याच दोन-तीन पुरुषांकडे जातो, तिथे हे तुकडे हाताशी असायलाच हवेत. सुरुवातीला ठेवायला उत्तम, कारण भाषा ओळखीची आहे, श्रोत्याला काही समजावून सांगावं लागत नाही, आणि तुमचा हातही तापतो.

दुसरं नाव सुचवेन ते मिना कील. १९०९ चा जन्म, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकत होत्या, १९२९ मध्ये व्हायोला आणि पियानोसाठी एफ मायनरमध्ये 'बॅलड' लिहिलं, आणि त्याच सुमारास घरच्या पुस्तकांच्या धंद्याला हात द्यायला शिक्षण सोडावं लागलं. पुढे कित्येक दशकं काही लिहिलं नाही. निवृत्तीच्या वयात पुन्हा सुरुवात केली आणि १९८९ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांची सिंफनी लंडनच्या प्रॉम्स या मोठ्या संगीत महोत्सवात वाजली. म्हणजे तुम्ही जे बॅलड वाजवणार ते तारुण्यातलं, मधे प्रचंड मोठी पोकळी पडण्याच्या अगदी काठावरचं. मला हे काम फार आवडतं, पण वाजवायला तापट आहे, पियानोही भरपूर आहे.

चौथी म्हणून लिली बूलांजे. १९१३ मध्ये प्री द रोम या फ्रेंच स्पर्धेचा पहिला पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री संगीतकार, आणि १९१८ मध्ये चोविसाव्या वर्षी गेली. तिचं १९११ चं 'नॉक्टर्न' मूळ व्हायोलासाठी नाही, पण जेमतेम तीन मिनिटांचं आहे आणि पियानोचा भाग इतका विरळ आहे की आपला आवाज कुठेच गाडला जात नाही. आणलेली रचना घ्यायची तर अशी घ्यावी.

या चौघींपेक्षा वेगळी वाट हवी असेल तर सोनाटे बरेच आहेत: ऑस्ट्रेलियाच्या मिरियम हाइड यांचा १९३७ चा, एलिझाबेथ मकॉन्की यांचा, पामेला हॅरिसन यांचा १९४६ चा, अमेरिकेतल्या मॅरियन बाउर यांचा ओपस २२. छोटं हवं असेल तर रूथ गिप्स यांची 'लिरिक फँटसी' किंवा एलेन फ्लरी-रॉय यांची 'फँटसी', ओपस १८. पण एका कार्यक्रमात दोन पूर्ण सोनाटे ठेवायचे तर श्रोते कसलेले हवेत, आणि तुमचा उजवा खांदाही.

क्रम मी असा लावीन. आधी ल बो, तिन्ही तुकडे सलग. मग कील यांचं बॅलड. मग इंटरव्हलच्या आधी 'मॉर्फियस', म्हणजे क्लार्क हे नाव कानावर पडेल आणि लोक ते घेऊनच बाहेर जातील. इंटरव्हलनंतर बूलांजे, आणि टाळ्यांसाठी जास्त न थांबता सोनाटा. बूलांजेंचं नॉक्टर्न मुद्दाम सोनाटाच्या आधी ठेवते, कारण १९११ चं फ्रेंच पियानोलेखन एकदा कानात बसलं की क्लार्क यांच्या पियानोतले रंग कुठल्या हवेतून आलेत ते कुणी न सांगता कळतं, शिवाय सोनाटाच्या पहिल्या पानावर बाईंनी म्यूसे या फ्रेंच कवीच्या दोन ओळी दिल्यात त्याही जागच्या जागी बसतात. सोनाटा आधी आणि छोटे तुकडे नंतर असं कधीच करू नका. त्या शेवटानंतर छोटं काहीही केविलवाणं वाटतं. एन्कोअर (टाळ्यांवर शेवटी जादा वाजवायची रचना) लागलंच तर क्लार्क यांचंच 'आय विल बिड माय हार्ट बी स्टिल', १९४४ चं, एका जुन्या स्कॉटिश चालीवरचं, जेमतेम चार मिनिटांचं. तेवढं एकच काय ते सोनाटानंतर उभं राहू शकतं. प्रत्येक रचनेची मिनिटं मात्र तुमच्या स्वतःच्या वाजवण्याची घड्याळ लावून मोजा, रेकॉर्डिंगवरची घेऊ नका.

आता पियानो. खरं तर इथेच असे कार्यक्रम बसतात किंवा फसतात. व्हायोलाच्या तारा व्हायोलिनच्या पंचमाने खाली लागतात, त्या हिशोबाने वाद्याची लाकडी पेटी दीडपट मोठी हवी, पण तेवढी मोठी केली तर खांद्यावर धरताच येणार नाही, म्हणून आपल्या पेट्या साधारण ३८ ते ४३ सेंटीमीटरच्या राहिल्या. त्यामुळे खालच्या सी तारेचा आवाज घोगरा, गोड आणि जरा दबका असतो, आणि नेमका तिथेच पियानोचा डावा हात बसलेला असतो. बहुतेक लोक यावर उपाय म्हणून पियानोचं झाकण बंद करतात. मला ते पटत नाही. झाकण बंद केलं की आवाज कमी होण्याआधी अस्पष्ट होतो आणि मग पियानिस्ट स्वतःला ऐकू येईना म्हणून आणखी जोरात वाजवते. झाकण अर्धं किंवा पूर्ण उघडं ठेवा आणि डाव्या हाताचं वजन कमी करा, पेडल उथळ घ्या. कॉर्डमधला (एकदम वाजणाऱ्या सुरांमधला) वरचा सूर बोलू द्यायचा आणि मधले सूर मागे ठेवायचे, हे तुमच्या मैत्रिणीला जमलं तर अर्धी लढाई जिंकलात.

सोनाटात एक जागा आहे ती उदाहरणादाखल सांगते. तिसरी मूव्हमेंट (म्हणजे भाग) पियानो एकटाच अगदी साध्या चालीने सुरू करतो, पुढे व्हायोला येतो, आणि अडाजिओ (संथ भाग) संपून शेवटच्या वेगवान भागाकडे जाताना एके ठिकाणी व्हायोला बो (गज) ब्रिजजवळ (तारा उचलून धरणाऱ्या पट्टीजवळ) नेऊन खालच्या सुरावर लांबच लांब ट्रेमोलो (बोचा भरभर थरथराट) धरतो आणि पियानो पहिल्या मूव्हमेंटमधली आरोळी आठवल्यासारखी पुन्हा वाजवतो. कागदावर तुम्ही साथीला आहात आणि पियानो मुख्य. पण तो खरखरीत, काचेवर नख फिरवल्यासारखा आवाज ऐकू गेला नाही तर ती आठवण लांबून आल्यासारखी वाटतच नाही, नुसती चाल परत आली एवढंच होतं. म्हणून तालमीत एकदा मैत्रिणीला तिचा भाग अर्ध्या आवाजात वाजवायला सांगा आणि तुम्ही बो ब्रिजच्या किती जवळ नेल्यावर हॉलच्या मागच्या रांगेत खरखर पोचते ते कुणाला तरी बसवून ऐका. घरातल्या खोलीत जे भेसूर वाटतं ते हॉलमध्ये बरोबर असतं. आणि सुरुवातीची आरोळीही बघा, पियानो कॉर्ड धरून ठेवतो आणि तुम्ही जवळजवळ एकटे असता, तिथे घाई करण्याचा मोह होतो कारण शांतता लांब वाटते. करू नका, कॉर्ड विरत जाऊ द्या आणि त्या विरण्यावर वाजवा.

उभं कसं राहायचं तेही महत्त्वाचं. उजवी बाजू श्रोत्यांकडे करून उभे राहिलात तर व्हायोलाची वरची फळी, म्हणजे एफ-होल्स (आवाज बाहेर पडायच्या फटी), हॉलकडे उघडतात. पियानिस्टकडे बघायला म्हणून आपण हळूहळू आत वळतो आणि आवाज पियानोच्या पोटात जातो. स्टँड खाली आणि जरा बाजूला ठेवा. 'मॉर्फियस' आणि सोनाटाची दुसरी मूव्हमेंट, दोन्हींत म्यूट लागतो, तेव्हा तारेवरच राहणारा, ऐनवेळी न खडखडणारा म्यूट निवडा आणि काढ-घाल तालमीतच बसवून टाका.

पियानिस्टबद्दल आणखी एक. सोनाटाचा पियानो भाग अवघड आहे, आपल्या भागापेक्षा जास्तच म्हणेन, त्यामुळे तारीख ठरवताना आधी तिला विचारा किती आठवडे लागतील, आणि पत्रिकेवर दोघींची, किंवा दोघांची, नावं एकाच आकारात छापा. जे संगीत दोघांसाठी समान लिहिलंय त्यात एकाला साथीदार म्हणणं बरोबर नाही.

तुमची दुसरी धास्ती, विषय मोठा होऊन बसण्याची. शीर्षकात 'दुर्लक्षित' वगैरे घालायचं की नाही हा तुमचा निर्णय आहे, मी घालत नाही. त्याने चौघींचं नशीब एका पोत्यात भरल्यासारखं होतं, आणि ते तसं नव्हतं: ल बो यांचं संगीत त्यांच्या हयातीत छापलं जात होतं, वाजत होतं आणि नंतर मागे पडलं, कील यांना लिहिताच आलं नाही, बूलांजे लवकर गेली, आणि क्लार्क यांनी उत्तम लिहूनही पुढे जवळजवळ थांबवलं. दुर्लक्ष झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे प्रत्येकीबद्दल पत्रिकेत चार-पाच ओळींत लिहा, तारखांसकट. स्टेजवरून सगळं मिळून दोनदाच बोला, 'मॉर्फियस'च्या आधी आणि सोनाटाच्या आधी, प्रत्येकी मिनिटभर. बॅलडच्या आधी मी मुद्दाम काही सांगत नाही, कारण ती हकीकत इतकी जड आहे की लोक मग हकीकतच ऐकत राहतात. वाजून झाल्यावर ज्यांना आवडलं ते पत्रिका उघडून वाचतातच.

नोटेशनचं बघायला आत्तापासून सुरुवात करा. ल बो १९२७ मध्ये गेल्या आणि बूलांजे १९१८ मध्ये, त्यामुळे त्यांचं मूळ संगीत बहुतेक देशांत कॉपीराइटमुक्त आहे आणि आयएमएसएलपी या मोफत नोटेशनच्या वेबसाइटवर शोधता येईल. क्लार्क १९७९ मध्ये गेल्या, म्हणजे जिथे मृत्यूनंतर सत्तर वर्षांचा नियम आहे तिथे २०४९ संपेपर्यंत कॉपीराइट आहे, आणि कील तर १९९९ पर्यंत होत्या. क्लार्क यांच्या पुष्कळ रचना त्या गेल्यानंतर छापल्या गेल्यात. छापील प्रती विकत घ्या, फोटोकॉपीवर कार्यक्रम करू नका, आणि सादरीकरणाची परवानगी हॉलकडून जाते की तुम्हाला काढायची ते आधी लेखी विचारून घ्या. आणलेल्या रचनेत मूळ मुक्त असलं तरी रूपांतर करणाऱ्याचा हक्क वेगळा असू शकतो, ते बूलांजेच्या बाबतीत तपासा.

हॉलमधला पियानो केवढा आहे आणि तुमच्या मैत्रिणीने यातलं आधी काय वाजवलंय ते कळवा. पियानो लहान असेल आणि हात क्लार्कच्या सोनाटाला अजून तयार नसेल तर मी 'मॉर्फियस', 'आय विल बिड' आणि क्लार्क यांचाच १९४१ चा जुन्या इंग्लिश चालीवरचा 'पासाकालिया' असे तीन मिळून मधला भाग करायला सांगेन, आणि सोनाटा पुढच्या वर्षी.